सोन्याचा रकाना कधी भरणार? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, केंद्रीय कार्यालय,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

प्रत माहितीसाठी : अर्थ मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : भारताच्या सोन्याच्या स्मारक नाण्यांची मालिका काढण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या केंद्रीय कार्यालयासमोर, रस्ता ओलांडला की मुंबईची सरकारी टांकसाळ आहे. 1829 सालापासून तिथे नाणी पडत आली आहेत. सोने शुद्ध करण्याची सोय तिथे आहे, ठसे कोरणारे कसबी हात आहेत. आपल्या बँकेच्या ताब्यात मार्च 2025 अखेर 879 टनांहून अधिक सोने होते. एवढे सगळे असूनही स्वतंत्र भारताचे, दर्शनी मूल्य असलेले, म्हणजे रुपयांचा आकडा कोरलेले, सोन्याचे एकही स्मारक नाणे माझ्या संग्रहात नाही, कारण तसे नाणे निघालेलेच नाही. ते निघावे, त्यासाठी आपल्या बँकेने पुढाकार घ्यावा आणि ते आपल्याच कार्यालयांच्या खिडकीवर सामान्य माणसाला मिळावे, ही मागणी करण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

नाणी पाडण्याचा अधिकार सरकारचा आहे, बँकेचा नाही, याची मला जाणीव आहे. पण रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 38 प्रमाणे ती नाणी लोकांच्या हातात पोचतात ती आपल्याच मार्फत. शिवाय 2011 च्या नाणे कायद्यात स्मारक नाण्याची जी व्याख्या आहे, तीत सरकारने पाडलेल्या नाण्यांबरोबरच सरकारने अधिकार दिलेल्या अन्य संस्थेने पाडलेली नाणीही धरली आहेत. म्हणून पत्र आपल्याला आणि प्रत मंत्रालयाला.

आपल्या स्मारक नाण्यांवर माझे प्रेम आहे, हे आधी सांगते. 1964 साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या प्रतिमेचे रुपयाचे आणि पन्नास पैशांचे नाणे निघाले, तिथून ही परंपरा सुरू झाली. 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला चांदीचे दहा रुपयांचे नाणे आले. 1999 मध्ये शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे आले. ते भाजीवाल्याकडून सुट्ट्या पैशांत हाती यायचे, आणि आले की आमच्या घरात ते वेगळे काढून ठेवले जायचे. आपल्या बँकेला 75 वर्षे झाली तेव्हा 75 रुपयांचे नाणे निघाले, आणि 1 एप्रिल 2024 रोजी, नव्वदीच्या समारंभात, 90 रुपयांचे चांदीचे नाणे मुंबईतच प्रकाशित झाले. नव्या संसद भवनाचे 2023 चे नाणे 35 ग्रॅम वजनाचे आणि 44 मिलिमीटर व्यासाचे आहे. त्यात निम्मी चांदी, 40 टक्के तांबे, उरलेले निकेल आणि जस्त. संग्राहकाच्या तक्त्यात धातूंचे रकाने असतात. चांदी, तांबे, निकेल, पोलाद यांच्याखाली नोंदी वाढत जातात. सोन्याचा रकाना मात्र कोरा राहतो.

यावर कोणी म्हणेल, 5 नोव्हेंबर 2015 रोजी सरकारने ‘इंडियन गोल्ड कॉइन’ आणले की. आणले, आणि मला त्याचा आनंदच झाला होता. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, 24 कॅरेट, बीआयएसचे हॉलमार्क, 5 आणि 10 ग्रॅमचे नाणे, 20 ग्रॅमची चीप. शुद्धतेच्या दृष्टीने त्यात खोट काढायला जागा नाही. पण त्यावर रुपयांत मूल्य नाही आणि ते कायदेशीर चलन नाही. सराफाकडच्या वेढण्याची जी जात, तीच त्याची. ते गुंतवणुकीला उत्तम. पण कोणत्या घटनेची आठवण म्हणून ते निघाले, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर नाही. दरवर्षी वेगळा ठसा नाही, मालिका नाही, पुढच्या नाण्याची वाट पाहणे नाही. संग्रह करण्याजोगे त्यात काही उरत नाही.

संग्राहक एवढा जीव का टाकतात, हे सांगायला मी नाशिकची असल्याचा मला उपयोग होतो. गोदावरीकाठच्या जोगळटेंभी गावात 1906 साली एक ठेवा सापडला. त्यात 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची. त्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा खाली आणि त्यावर सातवाहनांचा शिक्का. आमच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा जो शिलालेख आहे, त्यात तिच्या मुलाने, म्हणजे गौतमीपुत्राने, क्षहरातांचा निःपात केल्याचे कोरले आहे. लेख आईने कोरवून घेतलेला, तेव्हा कौतुकाची शंका घ्यायला वाव होता. मातीच्या पोटातून निघालेल्या नाण्यांनी ती शंका मिटवली. ज्याने कोणी तो ठेवा पुरला, त्याला आपण इतिहास लिहितो आहोत याची कल्पनाही नसेल. जवळच अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. तिथे अशा नाण्यांचा अभ्यास चालताना ज्याने पाहिला आहे, त्याला नाणे हा कागदपत्रांइतकाच भक्कम पुरावा असतो हे वेगळे समजवावे लागत नाही.

सोन्यात तर हे आणखी खरे ठरते, कारण सोने गंजत नाही. कुषाणांची दिनारे, गुप्तांची वीणा वाजवणाऱ्या समुद्रगुप्ताची मुद्रा, विजयनगरचे वराह, मोगलांच्या मोहरा, हा सगळा वारसा आपला आहे. आणि शिवराई होन! 1674 च्या राज्याभिषेकानंतर पाडलेला, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. भोवतालच्या बहुतेक सत्तांची नाणी फारसी अक्षरांत पडत असताना रायगडावरच्या राजाने आपले नाव नागरीत कोरले. अस्सल होन आज मोजकेच उरले आहेत. बाकीचे कुठे गेले? बहुतेक मुशीत गेले. कुणाच्या तरी पाटल्या झाल्या, कुणाची बोरमाळ झाली. आजही एखाद्या घरातून जुन्या मोहरा किंवा राणीछाप गिन्न्या बाहेर पडतात, सराफ वजन करतो, कस लावतो, भाव सांगतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या आटतात. त्यात सराफाचा दोष नाही. त्याच्या लेखी ते बावीस कॅरेटचे सोने असते, आणि विकणाऱ्याला पैशांची नड असते.

इथेच दर्शनी मूल्याचा प्रश्न येतो. 2011 च्या कायद्यातले कलम 12 नाणे वितळवायला मनाई करते. म्हणजे सोन्याच्या नाण्यावर रुपयांचा आकडा कोरला गेला की ते कायद्याने मुशीपासून वाचते. निव्वळ पदक असेल तर वाचत नाही. मला रुपयांचा आकडा हवा आहे तो या कारणासाठी. त्या आकड्याने कोणी दुकानात खरेदी करणार नाही हे उघड आहे.

मुंबईने सोन्याचे नाणे यापूर्वी पाडलेले आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्याचे झाले, इंग्लंडातून सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचे नाणे येणे अवघड झाले, तेव्हा 1918 मध्ये मुंबईत रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीची शाखा उघडली गेली. ठसे येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून आधी 15 रुपयांची सोन्याची मोहर पाडली. वजन आणि कस सॉव्हरिनचाच, 7.99 ग्रॅम, बावीस कॅरेट. त्यानंतर सॉव्हरिन, सुमारे 12 लाख 95 हजार नग, ‘आय’ ही भारताची खूण असलेले. एका वर्षात काम उरकून शाखा बंद झाली. 15 रुपयांची ती मोहर हे हिंदुस्थानच्या भूमीवर रुपयांच्या मूल्याने निघालेले शेवटचे सोन्याचे नाणे, आणि तिच्यावर पंचम जॉर्जचा मुकुटधारी चेहरा आहे. पुढे 2013 पासून हरियाणातल्या एका टांकसाळीत, रॉयल मिंटच्या परवान्याने, पुन्हा त्याच ‘आय’ खुणेचे सॉव्हरिन पडू लागले. म्हणजे आपल्या मातीत, आपल्या कारागिरांच्या हातून, ब्रिटनच्या राणीच्या मुखाचे आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर असलेले सोन्याचे नाणे घडले. परवान्याने काम घेणे गैर नाही, त्याने आपल्या कारागिरीची पत सिद्ध झाली. पण तीच कारागिरी आपल्या स्वतःच्या नाण्यासाठी का लागू नये, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे सोडत नाही.

बाहेरच्या मध्यवर्ती बँका हे काम कसे करतात, त्यातले मला सर्वांत आवडलेले उदाहरण चेक प्रजासत्ताकाचे आहे. देश लहान, लोकसंख्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तिथली चेक नॅशनल बँक पाच-पाच वर्षांच्या मालिका काढते. 2011 पासून दरवर्षी सोन्याची दोन नाणी, प्रत्येक 5000 कोरुनांचे (कोरुना हे तिथले चलन), अर्ध्या औंसाचे, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमच्या थोडे वर. 5000 कोरुनांच्या पहिल्या मालिकेत पूल होते. 2016 ते 2020 या काळात किल्ले आले. कोस्त आणि बेझ्द्येझ हे त्यातले पहिले दोन. त्यानंतर जुनी शहरे. वर्षाला दोन हा वेग इतका शहाणा आहे की नोकरदार माणूसही बचत करून मालिका पूर्ण करू शकतो. नाण्याच्या चित्रासाठी बँक स्पर्धा जाहीर करते, शिल्पकार आराखडे पाठवतात. प्रत्येक नाणे साध्या आणि प्रूफ (आरशासारख्या चकाकीच्या) अशा दोन प्रतींत निघते, आणि किती नग पडले याचा आकडा बँक प्रसिद्ध करते. याच बँकेने चेकोस्लोव्हाक कोरुनाच्या शताब्दीला 2019 मध्ये 130 किलो सोन्याचे, दहा कोटी कोरुना मूल्याचे एकच एक नाणेही घडवले. ते अर्थातच संग्राहकासाठी नव्हे, पण त्यावरून ती बँक नाण्याकडे किती आपुलकीने पाहते ते कळते.

जर्मनीचे उदाहरण वेगळे आहे. मार्क जाऊन युरो यायच्या आधी, 26 जुलै 2001 रोजी, बुंडेसबँकेने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, एक मार्कचे नाणे सोन्यात काढले. नेहमीच्या मार्कचाच आकार, पण 12 ग्रॅम शुद्ध सोने, आणि देशाच्या नावाच्या जागी बँकेचे नाव. त्यासाठी खास कायदा करावा लागला, कारण तिथेही नाणी पाडणे हा सरकारचाच हक्क आहे. दहा लाख नग, पाच टांकसाळींत वाटून प्रत्येकी दोन लाख, किंमत 250 मार्क, म्हणजे त्या वेळच्या सोन्याच्या भावाहून थोडीच वर. विक्रीच्या नफ्यातून पैसा आणि चलन या विषयांवरील संशोधनासाठी एक प्रतिष्ठान उभे राहिले, बर्लिनच्या संग्रहालयांच्या बेटाच्या डागडुजीलाही हातभार लागला. लोकांनी निरोप घेतला तो त्यांच्या खिशातल्या रोजच्या नाण्याचा, आणि त्याची आठवण घराघरांत सोन्यात राहिली.

चीनची पीपल्स बँक 1982 पासून पांडा हे सोन्याचे नाणे काढते. 2016 पासून तिने औंस सोडून ग्रॅम धरले आणि 1 ग्रॅमपासून नाणी ठेवली. एवढाच मुद्दा मला तिथून घ्यायचा आहे.

आता आपल्याकडच्या हरकती. पहिली आयातीची. आपला देश सोने बाहेरून आणतो, चालू खात्यावर ताण येतो, मग सरकारनेच सोन्याची गोडी का वाढवावी? हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. 1991 च्या जुलैत आपल्याच बँकेचे सुमारे 47 टन सोने विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण गेले, ते दिवस माझ्या पिढीने पाहिले आहेत. पण सोन्याची हौस कायद्याने आवरत नाही, याचाही अनुभव देशाने घेतला आहे. 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना 14 कॅरेटहून अधिक कसाचे दागिने घडवायला बंदी आली. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याची लगड जवळ बाळगणेही निषिद्ध केले. परिणाम काय झाला? चोरटे सोने आले, आणि सोनारांच्या घरची चूल विझली. शेवटी 1990 मध्ये तो कायदा काढून टाकावा लागला. स्मारक नाण्यांसाठी लागणारे सोने देशाच्या एकूण खपात नगण्यच राहील. एखाद्या नाण्याचे पन्नास हजार नग, प्रत्येकी 3 ग्रॅमचे, म्हणजे दीडशे किलो. लग्नसराईच्या देशात हा आकडा कुठे दिसणारही नाही. तेवढे सोने देशातल्याच जुन्या सोन्याच्या शुद्धीकरणातून मिळू शकते.

दुसरी हरकत नकली नाण्यांची. ती खरी आहे. नकली होन विकणारे आजही आहेत आणि नवखा संग्राहक त्यांत हमखास फसतो. पण नवे नाणे टांकसाळीतून क्रमांकित वेष्टनात थेट आपल्या खिडकीवर आले, तर पहिल्या खरेदीत फसवणूक होण्याचा प्रश्नच उरत नाही. संशयाचा धंदा चालतो तो अधिकृत वस्तू मिळत नाही तिथेच.

तिसरी हरकत कायद्याची असेल असे वाटले होते, म्हणून कायदा वाचला. नाणे कायद्याप्रमाणे मूल्य 1000 रुपयांपर्यंत ठेवता येते आणि धातूंच्या व्याख्येत सोने आहेच. आपल्या बँकेच्या कायद्यातले कलम 33 तर नोटा काढणाऱ्या विभागाच्या मालमत्तेत सोन्याच्या नाण्यांचा उल्लेख सोन्याच्या विटांच्याही आधी करते. म्हणजे इथे नवा कायदा नको, एक अधिसूचना पुरेल. 1000 रुपयांच्या नाण्यात सोने मात्र त्याच्या कितीतरी पट किमतीचे असेल. चेक बँकेच्या नाण्यातही तसेच असते, त्याने काही बिघडत नाही.

मालिका कोणती असावी, यावर माझा आग्रह आहे. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. वर्षाला दोन याप्रमाणे सहा वर्षांत बारा नाणी होतील. डोंगरी किल्ला, जलदुर्ग, पठारावरचा किल्ला, प्रत्येकाची ठेवण निराळी, तेव्हा कोरणाऱ्याला विषय पुरेपूर आहे. जिंजीच्या नाण्यावर तमिळ अक्षरे यावीत असे मला मनापासून वाटते, कारण राजाराम महाराज संकटात तिथे जाऊन राहिले आणि स्वराज्य त्या भूमीच्या आधाराने टिकले. किल्ल्यांची मालिका संपली की दुसऱ्या प्रांतांची पाळी यावी, राजस्थानचे डोंगरी किल्ले आहेत, ओडिशाची मंदिरे आहेत. मी मराठी आहे म्हणून माझ्या दारापासून सुरुवात करते, इतकेच.

वजन 3 ग्रॅमच्या आसपास ठेवावे, होनाच्या जवळ जाणारे. मोठे नाणे सुंदर दिसते खरे, पण ते फक्त श्रीमंतांच्या तिजोरीत जाते. शाळेत शिक्षिका असलेली माझी मैत्रीण वर्षातून दोनदा 3 ग्रॅमचे नाणे घेऊ शकेल, 20 ग्रॅमचे घेऊ शकणार नाही. किंमत सोन्याच्या त्या दिवसाच्या भावावर ठरावी आणि घडणावळ किती टक्के हे आधी जाहीर व्हावे. नग किती पाडणार हाही आकडा आधी जाहीर व्हावा, आणि नंतर कोणत्याही कारणाने वाढवला जाऊ नये. संग्राहकाला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो, त्यावर त्याचा सगळा विश्वास उभा असतो. आणि विक्री आपल्या बँकेच्या निर्गम कार्यालयांतून, म्हणजे नोटा-नाणी वितरित करणाऱ्या कार्यालयांतून, व्हावी. देशात ती 19 आहेत. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. नाशिकहून मुंबईला पहाटेच्या गाडीने येऊन रांगेत उभे राहायला आमची तयारी आहे. पण मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या माणसासाठी टपालानेही मिळण्याची सोय हवी, आणि एका माणसाला एकच नग असा नियम पहिल्या महिन्यापुरता तरी हवा. नाहीतर सगळे नग चार दलालांच्या हाती जातात आणि दुसऱ्याच आठवड्यात दुप्पट भावाने विकायला निघतात.

चित्राची स्पर्धा खुली ठेवावी, ही शेवटची मागणी. जे. जे. कला महाविद्यालय आपल्या कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना राजगडाची बालेकिल्ल्याची कडा 20 मिलिमीटरच्या वर्तुळात बसवायला सांगा. आलेले सगळे आराखडे आपल्या अमर बिल्डिंगमधल्या नाणी संग्रहालयात मांडा, लोकांना बघू द्या. निवड तज्ज्ञांनीच करावी, पण कोणते नाकारले हे सर्वांना दिसावे.

यातले काय शक्य आहे आणि काय नाही, याचे उत्तर आपल्या कार्यालयाकडून जाहीरपणे मिळावे. नकार असेल तर त्याची कारणे कळावीत, म्हणजे त्यांवर पुढे बोलता येईल.

पहिले नाणे कोणत्या किल्ल्याचे, असा प्रश्न निघेल तेव्हा बहुतेकांच्या तोंडी रायगड येईल, आणि ते योग्यच आहे. माझे मत मात्र साल्हेरला. तो आमच्या जिल्ह्यातला, 1567 मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. 1672 मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात हरवले. होन पाडायची वेळ आली ती त्यानंतर दोनच वर्षांनी.

आपली नम्र,
एक नाणेसंग्राहक,
नाशिक